पासवर्डची पडताळणी: अडत दुकानाच्या ॲपच्या निमित्ताने

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या किंवा बेदाण्याच्या अडत दुकानासाठी वेब ॲप करायचे म्हटले, की मागण्या साधारण ठरलेल्या असतात. शेतकऱ्याला आपली पट्टी मोबाईलवर पाहता यावी, खरेदीदाराला येणे-देणे कळावे आणि दिवाणजींना रोजची आवक भरता यावी. या सगळ्यांच्या आधी येते ते लॉगिनचे पान, आणि नेमके तेच घाईने उरकले जाते. पुढील विवेचनात पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस ही जोडी गृहीत धरली आहे, कारण लहान दुकानांची बरीच कामे स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर याच जोडीत होतात. अन्य भाषांत फंक्शनची नावे तेवढी बदलतील.

पडताळणीत सर्व्हरने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते: आता टाइप केलेला पासवर्ड पूर्वी ठरवलेलाच आहे का? हे उत्तर देताना मूळ पासवर्ड त्याच्या संग्रही नसावा आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे कोणतीही माहिती बाहेर जाऊ नये. खालील प्रत्येक सूचना या दोन अटींतूनच निघते.

अजूनही अनेक ठिकाणी मोबाईल क्रमांक आणि पासवर्ड दोन्ही एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) घालून, ओळ सापडली की आत सोडण्याची पद्धत दिसते. यात एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे रकान्यात डेटाबेसची आज्ञाच टाइप करून ती चालवून घेण्याचा, धोका आहेच. शिवाय मायएसक्यूएलची नेहमीची कोलेशन्स (मजकुराची तुलना करण्याचे नियम) लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाहीत, त्यामुळे रोमन लिपीतला पासवर्ड कॅपिटलमध्ये लिहिला काय नि स्मॉलमध्ये लिहिला काय, तो बरोबरच ठरतो. क्वेरीने केवळ मोबाईल क्रमांकावरून ओळ आणावी, तीही प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि टाइप केलेला मजकूर वेगवेगळे पाठवण्याची पद्धत) वापरून, आणि पडताळणी पीएचपीत करावी.

साठवायचा असतो तो पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असे त्याचे रूपांतर, पण कोणताही हॅश चालत नाही. एमडी५ किंवा एसएचए-२५६ ही फंक्शने वेगासाठी बनवलेली आहेत, आणि हा वेग चोराच्याच पथ्यावर पडतो, कारण ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज करून पाहता येतात. २०१२ साली लिंक्डइनमधून बाहेर पडलेले हॅश सॉल्ट (हॅश करताना प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळायचा वेगळा यादृच्छिक मजकूर) नसलेल्या एसएचए-१चे होते, आणि त्यांतले बहुसंख्य पासवर्ड उलगडले गेले. पासवर्डसाठी मुद्दाम संथ केलेले फंक्शन लागते. १९९९ साली नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर यांनी मांडलेले बीक्रिप्ट हे असेच एक फंक्शन असून, २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत निवडले गेलेले आर्गॉन२ हे त्याहून नवे आहे व ते वेळेबरोबर मेमरीही खर्चायला लावते.

पीएचपीत २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून ‘पासवर्ड_हॅश’ आणि ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ ही फंक्शने आहेत. सॉल्ट पहिले फंक्शन स्वतःच तयार करते. तो आपण बनवायला जाऊ नये. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो आणि तो एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे: आरंभीच्या सात अक्षरांत डॉलरच्या चिन्हांमध्ये पद्धतीची खूण आणि खर्चाचा आकडा (समजा १२) असतो, त्यापुढची २२ अक्षरे सॉल्टची आणि उरलेली ३१ प्रत्यक्ष हॅशची. पडताळणीला लागणारे सर्व काही त्या एका ओळीतच असल्यामुळे सॉल्टसाठी वेगळा कॉलम लागत नाही. खर्च १२ म्हणजे २ चा १२ वा घात, अर्थात ४०९६ फेऱ्या. आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट होते. आपल्या होस्टिंगवर वेळ मोजून पाहावा आणि पाव सेकंदाच्या आसपास बसेल तो आकडा ठेवावा. कॉलमची लांबी मात्र २५५ असावी. जुन्या एमडी५साठी केलेला ३२ अक्षरांचा कॉलम तसाच राहिला, तर सैल मोडमध्ये चालणारा डेटाबेस नवा हॅश निमूटपणे छाटतो आणि मग बरोबर पासवर्डही कायम चुकीचा ठरतो.

मराठीत पासवर्ड लिहू देणाऱ्याने आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट विचारात घेते. रोमन लिपीत ही ७२ अक्षरे होतात, परंतु यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. ‘कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी’ हा तीन शब्दांचा पासवर्ड ८० बाइटचा आहे. तो ‘संध्याक’ इथपर्यंत बरोबर लिहिला आणि पुढे कोणतेही देवनागरी अक्षर टाकले, तरी बीक्रिप्ट त्याला मान्यता देते. होस्टिंगवर आर्गॉन२आयडी हा आर्गॉन२चा प्रकार उपलब्ध असेल (पीएचपी ७.३ पासून ते आहे, पण सर्व्हरवर त्याच्यासह बांधणी झालेली असावी लागते), तर ते घ्यावे, नसेल तर ७२ बाइटपेक्षा लांब पासवर्ड नोंदणीच्या वेळीच कारण सांगून नाकारावा.

दुसरी गोष्ट ‘वाऱ्यावर’सारख्या शब्दांतल्या ऱ्या-ची. एक कीबोर्ड ‘ऱ’ हे एकच चिन्ह पाठवतो, दुसरा ‘र’ आणि नुक्ता अशी जोडी पाठवतो, तिसरा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक पाठवतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. हॅश मात्र तिन्हींचे निराळे. घरच्या फोनवर चालणारा पासवर्ड दुकानातल्या संगणकावर चालत नाही, अशी तक्रार आली की आधी इकडे पाहावे. हॅश करण्यापूर्वी आणि पडताळणीपूर्वी, दोन्ही वेळी, मजकूर एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात आणावा. पीएचपीच्या ‘इंटल’ एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर हे करतो. पहिली दोन रूपे त्याने एक होतात. तिसऱ्यासाठी त्या तीन चिन्हांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालण्याचा नियम आपणच लिहायचा. दिसायला भिन्न असलेल्या गोष्टी मात्र पासवर्डमध्ये एक करू नयेत; देवनागरी अंकांचे रोमन अंक करण्याची सोय मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात द्यावी आणि तिथेच थांबावे.

आता प्रत्यक्ष लॉगिन. ओळ सापडली तर ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ चालते आणि पाव सेकंद लागतो. ओळच नसेल आणि आपण लगेच नकार दिला, तर उत्तराच्या वेगावरूनच समोरच्याला कळते की हा क्रमांक या दुकानाचा खातेदार नाही. यार्डात कोणता खरेदीदार कोणाकडे जातो ही व्यवसायाची गुप्त बाब असते, हे विसरून चालणार नाही. म्हणून ओळ नसतानाही, तेवढ्याच खर्चाच्या एका ठरावीक हॅशशी पडताळणी करून निकाल टाकून द्यावा. संदेशही दोन्ही वेळा एकच असावा: ‘मोबाईल क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे.’ निकाल अनुकूल आला की ‘सेशन_रीजनरेट_आयडी’ने सेशनचा (लॉगिन केलेल्याची ओळख सर्व्हरवर टिकवणाऱ्या नोंदीचा) क्रमांक बदलावा आणि त्यानंतरच खातेदाराची नोंद सेशनमध्ये घालावी. याच क्षणी मूळ पासवर्ड हाती असल्यामुळे, ‘पासवर्ड_नीड्स_रीहॅश’ला विचारून जुन्या खर्चाचा हॅश नव्याने करून ठेवता येतो.

जुन्या ॲपमध्ये एमडी५ असेल, तर प्रत्येक जण परत येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. असलेल्या एमडी५च्या ३२ अक्षरी मजकुरावरच बीक्रिप्ट चालवून सगळा तक्ता एका रात्रीत बदलावा, अशा ओळींवर खूण ठेवावी, आणि खातेदार लॉगिन करील तेव्हा सरळ पासवर्डचा हॅश करून ती खूण काढावी. बॅकअपमध्ये राहिलेले जुने तक्ते नष्ट करायला विसरू नये.

वारंवार अंदाज करणाऱ्याला अडवताना तारतम्य लागते. पाच चुकांनंतर खाते बंद करण्याचा नियम सोपा वाटतो. पण मग सौद्याच्या ऐन वेळी प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकावर पाच चुकीचे पासवर्ड टाकून त्याला बाहेर ठेवणेही तितकेच सोपे होते. केवळ आयपी पत्त्यावर बंदी घालावी, तर मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, आणि एकाच्या आगळिकीमुळे अख्खे यार्ड बाहेर राहते. माझ्या मते खाते आणि पत्ता यांची जोडी मोजावी, प्रत्येक चुकीनंतर थांबण्याची वेळ दुप्पट करावी आणि एकूण चुका फार झाल्या तर मोबाईलवर ओटीपी मागावा. एसएमएससाठी डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेवर) टेम्प्लेटची, म्हणजे संदेशाच्या नमुन्याची, नोंदणी लागते, तेव्हा ते काम आधीच सुरू करावे.

पासवर्ड कसा असावा याचे नियम थोडकेच बरे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा आणि एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह अशा सक्तीचा आग्रह सोडला. त्याऐवजी लांबी पाहावी आणि सर्रास वापरले जाणारे पासवर्ड नाकारावेत, असे ती सांगते. नाकारायच्या यादीत आपल्या भागातली भर आपणच घालायची: ४१६४१६ हा पिनकोड, ०२३३, एमएच१०, गणपती, हळद, दुकानाचे नाव आणि खातेदाराचा स्वतःचा मोबाईल क्रमांक.

विसरलेल्या पासवर्डसाठी जुना पासवर्ड कळवता येत असेल, तर साठवण चुकली आहे असे समजावे. ३२ यादृच्छिक बाइटचा दुवा पाठवावा, तक्त्यात त्याचा हॅशच ठेवावा (येथे एसएचए-२५६ पुरते, कारण इतका लांब यादृच्छिक मजकूर अंदाजाने सापडत नाही), अर्ध्या तासात तो निकामी करावा आणि एकदा वापरला की पुन्हा चालू नये. दिवाणजींना मालकाचा पासवर्ड वापरू न देता स्वतंत्र खाते द्यावे. नोकरी सोडली की ते एकटेच बंद करता येते.

सर्व काही एचटीटीपीएसवर चालावे, हे सांगायला नको. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र फुकट मिळते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे मालकाच्या कानावर घातले की खर्चाची बोलणी सोपी होतात.

ॲप हवाली करण्यापूर्वी चुकीचा पासवर्ड, नसलेला क्रमांक, ७२ बाइटच्या पुढचा मराठी पासवर्ड आणि ‘ऱ्या’ची तिन्ही रूपे वेगवेगळ्या फोनवरून टाकून पाहावीत, आणि त्यानंतर सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये यांपैकी कोणताही पासवर्ड उघड्या अक्षरांत उमटला आहे का, हे शोधावे, कारण अनेकदा फॉर्मचा सगळा मजकूर लॉगमध्ये ओतणारी एखादी ओळ चाचणीच्या काळात टाकलेली असते आणि ती तशीच राहिलेली असते.