कॉलनीच्या ग्रुपवर सिमेंट रस्त्याची चर्चा : या चुका टाळा

नागपुरात सिमेंट रस्त्याचा विषय निघाला की कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्रभर तापतो, आणि सकाळी महापालिकेच्या झोन कार्यालयात न्यायला एक ओळही हाती लागत नाही. मग 'लोकांना बोलायची रीतच नाही' असं म्हणून अ‍ॅडमिन मोकळे होतात. गडबड बहुतेक वेळा प्रश्नातच असते.

'रस्ता हवा की नको?' हा तसलाच प्रश्न. खड्ड्यांना कंटाळलेला 'हवा' म्हणतो. ज्याचं अंगण रस्त्याच्या खाली जाणार तो 'नको' म्हणतो. खरं तर दोघांचं भांडणच नाही. जुना थर न खोदता त्यावरच काँक्रीट ओतलं की रस्ता उंच होतो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं, अडचण तिथं आहे. म्हणून असं विचारा : 'आधी खोदकाम, मग काँक्रीट, आणि तयार रस्ता आपल्या फाटकाच्या उंबऱ्यापेक्षा खाली, ही अट घालायची का?' सोबत प्रत्येकानं उंबऱ्यापासून आजच्या रस्त्यापर्यंतची उंची टेपनं मोजून, घर क्रमांकासह फोटो टाकावा. आकडे आले की आवाज आपोआप उतरतो. झाडांच्या बुंध्याभोवती मोकळी माती आणि कडेचे गट्टू (फरसबंदीचे सिमेंट ठोकळे) हे वेगळे प्रश्न. तिन्ही एकत्र कालवले तर एकाचंही उत्तर मिळत नाही.

दुसरी चूक, पहिल्याच तासात पोल. ग्रुपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. एकदा नाव लागलं की मत बदलणं म्हणजे माघार वाटते, आणि पुढची चर्चा बाजू राखण्यातच जाते. आधी दोन दिवस फक्त माहिती आणि शंका येऊ द्या, प्रश्न सात दिवसांसाठी पिन करा, पोल शेवटी टाका. तेव्हाही एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा बंद करा. ती आपोआप चालू असते आणि दोन्हीकडे टिचकी मारणारे निघतातच. 'आणखी माहिती हवी' हा पर्यायही ठेवा.

फॉरवर्डचं वेगळंच. 23 सप्टेंबर 2023 च्या नागपुरातल्या पुराचा, अंबाझरी तलाव परिसरातला व्हिडिओ आजच्या पावसात कोणी टाकला, तर तो खरा असूनही चर्चा बिघडवतो. तारीख आणि ठिकाण विचारा. नसेल तर अ‍ॅडमिननं काढावा. दुहेरी बाणाचा मेसेज अनेक हातांतून फिरून आलेला असतो, एवढंच त्यावरून कळतं. खरंखोटं नाही.

उत्तर देताना मूळ मेसेजवर 'रिप्लाय' करूनच लिहा. नाहीतर 'बरोबर आहे' हे नेमकं कोणाला, यावरच पुढचा तास जातो. लांबलचक व्हॉइस नोट कोणी पूर्ण ऐकत नाही. बोलणाऱ्यालाच दोन ओळी लिहायला सांगा. आणि कोणी 'तुमचं काय जाते, तुमचं घर उंचावर आहे' म्हणालं तर तो मेसेज उडवू नका. शेरा बोचरा असला तरी त्यात मुद्दा आहे, उंचीचे आकडे मागा.

ग्रुपवर नसलेले भाडेकरू आणि म्हातारी मंडळी राहूनच जातात. त्यांच्या दारी जाऊन तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारा.

शेवटी एकानं अर्ज लिहावा : मागणी, घरनिहाय उंची, फोटो, सह्या. विरोधातल्यांचं कारणही त्यांच्याच शब्दांत दोन ओळींत घ्या, म्हणजे तेही सही करतात. झोनमध्ये दिल्यावर पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, तिचा फोटो ग्रुपवर टाका आणि जुना पिन काढून तो पिन करा.