मूडल बसवताय? मग या चुका टाळा

मूडल म्हणजे कॉलेजचे कोर्स आणि परीक्षा ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि हात बसलेला माणूस ते तासाभरात उभं करतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. लॉगिनचं पान दिसलं की मंडळींना वाटतं काम झालं. त्यात कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची तपासणी जवळ आली असेल तर बघायलाच नको, लिंक त्याच संध्याकाळी सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर गेलेली असते.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे क्रॉन (सर्व्हरवरची कामं ठरावीक वेळाने आपोआप चालवणारी सोय) न लावणं. मूडलची निम्मी कामं मागे गुपचूप चालतात आणि ती क्रॉन चालवतं. ते बंद असलं तरी साइट मस्त उघडते, म्हणून कोणाला पत्ताच लागत नाही.

एका कॉलेजात अंतर्गत परीक्षा मूडलवर घेतली. 'वेळ संपली की उत्तरं आपोआप जमा' हे सेटिंग अगदी बरोबर होतं. ज्यांनी स्वतः सबमिट दाबलं ते सुटले. ज्यांचं नेट मध्येच गेलं त्यांचे पेपर दुसऱ्या दिवशीही 'चालू'च. पोरं रडकुंडीला आलेली, सर म्हणतायत मूडलच भिकार. फोरमचे, म्हणजे चर्चेच्या पानाचे, मेलही जात नव्हते, म्हणून लॅबवाले मेल सर्व्हरचे पासवर्ड बदलत बसलेले. क्रॉन पहिल्या दिवसापासून लागलंच नव्हतं! ॲडमिनच्या नोटिफिकेशन्स पानावर तसा इशाराही होता, पण ते पान उघडतो कोण? क्रॉन लावल्यावर अडकलेले पेपर जमा झाले. जुने मेल मात्र बुडाले ते बुडालेच, कारण दोन दिवसांहून जुन्या फोरम पोस्टचे मेल मूडल पाठवत नाही.

क्रॉन दर मिनिटाला चालवा. तासाला एकदा लावून 'सर्व्हरवरचा लोड वाचवला' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. आणि ते रूटच्या (सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याच्या) नावाने नको, वेब सर्व्हर ज्या युजरखाली चालतो त्याच युजरखाली चालवा, नाहीतर पुढे फाइलींच्या परवानग्यांचा गुंता होतो.

दुसरी चूक, ॲडमिन म्हणूनच कोर्स तपासायचा. ॲडमिनला लपवलेलंही दिसतं, त्यामुळे 'मला तर दिसतंय' याला काही अर्थ नाही. मी प्रत्येक साइटवर एक खोटा विद्यार्थी तयार करतो आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याच्या नावाने लॉगिन ठेवतो. मूडलमधल्या 'स्विच रोल'ने विद्यार्थ्याला काय दिसेल याचा अंदाज येतो, खात्री होत नाही. आणि मागेल त्या प्राध्यापकाला ॲडमिन करू नका. कोर्सपुरता टीचर रोल पुरतो.

चढवलेल्या फाइली जिथे साठतात ते मूडलडेटा फोल्डर वेब रूटच्या, म्हणजे ब्राउझरमधून उघडता येणाऱ्या फोल्डरच्या, बाहेरच ठेवा. आत ठेवलं तर मुलांच्या असाइनमेंट जगाला खुल्या होऊ शकतात.

मोठी पीडीएफ चढत नाही? मूडल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी असते. ती वाढवताना पोस्टची (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या एकूण डेटाची) मर्यादाही वाढवा. तिथेच मॅक्स इनपुट व्हार्स (एका फॉर्ममधून येणाऱ्या रकान्यांची कमाल संख्या) ५००० करा.

एक्सेलमधून मुलांची यादी चढवताना फाइल सेव्ह करायचा 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं.

पहिल्याच आठवड्यात दहा प्लगइन (बाहेरून जोडायच्या जादा सोयी) आणि झगमगीत थीम टाकणाऱ्यांना नवी आवृत्ती आली की कळतं. त्यातलं एखादं प्लगइन तयार नसतं आणि अपग्रेड तिथेच अडकतं. मी पहिलं सत्र साध्या थीमवरच काढतो.

बॅकअप नुसत्या डेटाबेसचा घेऊन चालत नाही, मूडलडेटा आणि कोडही त्याच वेळचा हवा. घेतला की तो दुसऱ्या मशीनवर एकदा उभा करून पाहा, आणि त्या मशीनचं मेल आधी बंद करा. नाहीतर तिथूनही विद्यार्थ्यांना मेल सुटतील.