हायग्रोमीटर भिंतीवर नको, पेटीत हवा

केमिस्ट्री किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून रबाळे, महापे, वागळे इस्टेटच्या बाजूला सिरॅमिक मेम्ब्रेनच्या, म्हणजे वायू गाळून वेगळे करणाऱ्या पडद्याच्या, कामाला लागलेल्या नव्या माणसाला पहिल्या महिन्यात वाटतं, की सगळा खेळ फर्नेसचा आहे. फर्नेसमधून काढलेल्या तुकड्यावर चीर दिसली की तो तापमानाचा प्रोग्रॅम बदलत बसतो. पण ती चीर बहुतेक वेळा आदल्या दिवशी, सुकताना पडलेली असते. भट्टीत ती फक्त उघडी पडते. हे कळेपर्यंत महिने जातात, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

रचना तुम्हाला माहीत आहेच: खाली सच्छिद्र अल्फा अल्युमिनाचा सपोर्ट, त्यावर गॅमा अल्युमिनाचा पातळ थर (दोन्ही अल्युमिनियम ऑक्साइडचीच रूपं), सगळ्यात वर सिलिका. हायड्रोजनचा रेणू 0.289 नॅनोमीटरचा, कार्बन डायऑक्साइडचा 0.33, नायट्रोजनचा 0.364. एवढ्या फरकावर गाळायचं असेल तर केसाएवढी चीरसुद्धा महाद्वार ठरते. सपोर्टची छिद्रं साधारण 0.1 मायक्रॉनची हवीत आणि एक बाजू आरशासारखी पॉलिश केलेली. तिथला ओरखडा पुढचा कुठलाही थर झाकत नाही, त्यामुळे ओरखडा दिसला तर तुकडा बाजूला काढा, जीव अडकवू नका.

गॅमा थर बोहमाइटच्या सोलपासून बनतो. बोहमाइट म्हणजे अल्युमिनियमचं एक हायड्रॉक्साइड, सोल म्हणजे त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असलेलं मिश्रण. त्याची कृती सोपी आहे. अल्युमिनियम सेक-ब्युटॉक्साइड 85 ते 90 अंशांच्या पाण्यात जोरात ढवळत थेंबाथेंबाने सोडायचं. थंड पाण्यात सोडलं तर बोहमाइटऐवजी भलतंच हायड्रॉक्साइड बनतं. ब्युटॅनॉल उकळून काढायचं, 1 मोल अल्कॉक्साइडला 0.07 मोल नायट्रिक ॲसिड घालायचं आणि रात्रभर रिफ्लक्स करायचं, म्हणजे वाफ थंड करून परत भांड्यात सोडत उकळत ठेवायचं. सोल पाण्यासारखा पारदर्शक होत नाही, निळसर झाक असलेला धुरकट राहतो, त्याला घाबरू नका. मग सोलच्या 3 भागांना पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) द्रावणाचे 2 भाग मिसळा आणि गाळून घ्या. गाळणं चुकवणारी माणसं पुढे पिनहोल, म्हणजे थरातली बारीक भोकं, मोजत बसतात. सपोर्टची पॉलिश केलेली बाजू या सोलमध्ये बुडवून काढली, म्हणजे डिप केली, की थर बसतो.

आता सुकवणं. पद्धत म्हणते: 40 अंश, 60 टक्के आर्द्रता, 3 तास. यातले 40 अंश सगळे पाळतात, 60 टक्के कुणीच पाळत नाही.

गॅमा थराची छिद्रं साधारण 5 नॅनोमीटरची. इतक्या बारीक छिद्रातून पाणी मागे सरकताना पृष्ठताणामुळे जे खेचणं होतं ते 500 बारच्या वर जातं. सुकत घट्ट होणारा सोल, म्हणजे जेल, आक्रसू पाहतो, खालचा सपोर्ट तसूभर हलत नाही. पाणी सावकाश निघालं तर थर हा ताण पचवतो, झटक्यात निघालं तर तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तसा फुटतो. म्हणून आर्द्रता.

फसवणूक इथे होते. जुलैत नवी मुंबईची हवा 30 अंश आणि 85 टक्के. ती साध्या ओव्हनमध्ये शिरून 40 अंशांना तापली की आर्द्रता सुमारे 49 टक्क्यांवर येते. म्हणजे ठीकठाक. पण घामाने हैराण झाल्यावर खोलीत एसी लागतो, 24 अंश आणि 50 टक्के. भिंतीवरचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, 50 दाखवतो आणि सगळे निश्चिंत होतात. तीच हवा ओव्हनमध्ये 40 अंशांना गेली की उरते जेमतेम 20 टक्के! हवेतलं पाणी तेवढंच राहतं, गरम हवेची तहान मात्र अडीच पट होते. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी एसीशिवायही हेच होतं. लॉगबुकात तिन्ही दिवसांची नोंद एकच, ‘40 अंश, 3 तास’. मग सोल बदला, ॲसिड बदला, भट्टी बदला, कारण काही सापडत नाही.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाची काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी ओव्हनमध्येच ठेवा. तळाशी ट्रेमध्ये सोडियम ब्रोमाइडचं संपृक्त द्रावण, बुडाशी न विरघळलेले खडे दिसतील एवढं घट्ट. 40 अंशांना त्यावर सुमारे 53 टक्के आर्द्रता टिकते आणि तेवढी चालते. हायग्रोमीटर याच पेटीत. पेटी आदल्या रात्रीच लावून ठेवा, डिप झाला की मिनिटाभरात तुकडा आत, आणि 3 तास झाकण उघडायचं नाही. सुकलेला तुकडा फोनच्या टॉर्चखाली तिरका धरून बघा. चीर असेल तर इथेच दिसते, भट्टीचे जवळजवळ 22 तास वाचतात.

भट्टी: मिनिटाला 1 अंश, 600 पर्यंत, 3 तास, तसंच खाली. वीज जाऊन आल्यावर कंट्रोलर जिथे होता तिथून पुढे जाईल अशी सेटिंग आधीच तपासा. असे दोन थर द्यायचे. एकाच जाड थरात काम उरकण्याचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. जाड थर हमखास तडकतो.

सिलिकासाठी टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, सिलिका देणारं द्रव), इथेनॉल, पाणी आणि नायट्रिक ॲसिड 1 : 3.8 : 6.4 : 0.085 या मोलर प्रमाणात, 60 अंशांना 3 तास, मग इथेनॉलने सुमारे 19 पट पातळ करून त्याच दिवशी वापरायचं. थर 100 नॅनोमीटरहून पातळ, म्हणून ठाणे-बेलापूर रोडवरची धूळ इथे खरी वैरीण. लॅमिनार फ्लोशिवाय, म्हणजे गाळलेली हवा सरळ झोतात सोडणाऱ्या कपाटाशिवाय, हे काम करू नका. भट्टी 400 अंश, मिनिटाला अर्धा अंश.

चाचणीत आधी एकट्या नायट्रोजनने दाब वाढवत जा. दाबाबरोबर परमिअन्स (दाबाच्या एककामागे पडद्यातून किती वायू जातो ते) वाढत असेल तर चीर आहे, हायड्रोजन वाया घालवू नका. हायड्रोजन-नायट्रोजन गुणोत्तर 3.74 च्या आसपास आलं तर ती फक्त नुडसेन प्रवाहाची करामत (बारीक छिद्रांतून हलका रेणू जड रेणूपेक्षा वेगाने जातो, एवढंच), सिलिका थराने काहीच गाळलेलं नाही. खरी परीक्षा 200 अंशांवर: चांगल्या मेम्ब्रेनमध्ये हायड्रोजनचा परमिअन्स तापमानासोबत वाढतो, फुटक्यात घटतो. पिनहोलवर सिलिकॉन रबर फासून आकडा सुधारणारे मार्गदर्शकही असतात. गरम वायूत ते टिकत नाही आणि तुमची सवय बिघडते. ज्याच्या हातमोज्यांना सोल लागलेला असतो, त्याच्या हाताखाली शिका.

हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्क्यांपर्यंत पेटतो आणि उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. सिलिंडर बाहेर, फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीतून मागे सिलिंडरकडे जाऊ न देणारा झडपेसारखा भाग) लावलेला, आणि लीक आधी हेलियमने शोधायचा. यात एकही सूट नाही.

पहिले दहा-बारा तुकडे फुटतील. फुटू द्या. प्रत्येकावर नंबर घाला आणि त्याच्यापुढे पेटीतल्या आर्द्रतेचा आकडा लिहा, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा. फुटलेला तुकडा फेकू नका, बाराव्या तुकड्यानंतर सगळे एका ओळीत मांडून आकड्यांशी ताडून पाहा.