वेल्डिंग टेबलाला भोकं पाडताना

वेल्डिंग करायचं काम पिना आणि बोल्ट घालून जखडता यावं म्हणून टेबलाला भोकांची जाळी लागते. दोन मीटर बाय एक मीटरच्या टेबलाला १०० मिमीच्या अंतराने भोकं पाडायची तर साधारण २०० भोकं होतात. अंतर ५० मिमी धरलं तर ८००. हा आकडा ऐकून नव्या माणसाला ड्रिलिंगची धास्ती वाटते. मी म्हणेन, धास्ती घ्यायचीच तर आखणीची घ्या.

आधीच्या भोकापासून पुढचं भोक मोजायचं, ही सवय पहिल्याच दिवशी सोडा. प्रत्येक वेळी ०.१ मिमीची चूक एकाच बाजूला गेली, तर विसाव्या भोकापर्यंत ती जवळजवळ २ मिमी होते. एक सरळ कड डेटम, म्हणजे मापांचा आधार, म्हणून ठरवा, गुण्याने तिला काटकोनात दुसरी रेषा काढा आणि सगळी मापं या दोन रेषांपासूनच घ्या. आखणी झाली की दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरेपर्यंत पंच (भोकाच्या मध्याची खूण ठोकायचं टोकदार हत्यार) हातात घेऊ नका. आखणी आणि तपासणी एकाच तापमानाला करा. दोन मीटरची स्टील प्लेट १० अंशांच्या फरकाने साधारण पाव मिलिमीटर वाढते.

खालची फ्रेम आणि रिब (प्लेटला खालून आधार देणाऱ्या पट्ट्या) आधी वेल्ड करून घ्या, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट ओढली जाते. भोकं त्यानंतर. मात्र रिबची जागा ठरवतानाच भोकांची जाळी समोर हवी, नाहीतर कटर नेमका रिबवर उतरतो.

एवढी मोठी प्लेट ड्रिल मशीनखाली नेता येत नाही, म्हणून चुंबकाने प्लेटलाच चिकटणारं मॅग्नेटिक ड्रिल आणि फक्त कडेने कापणारा पोकळ कटर. चुंबकाखालची जागा स्वच्छ पुसा. बारीक चिप किंवा काळी पापडी राहिली तरी पकड कमी होते. कटरची मधली पिन पंचाच्या खुणेत बसवा, चुंबक चालू करा आणि पिन पुन्हा बघा. चुंबक पकडताना मशीन केसभर सरकतं, आणि जाळी बिघडते ती इथेच. सेफ्टी चेन रोज लावा. वीज गेली की पकडही गेली.

साध्या स्टीलला एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) कटर, त्याच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटर धरून चालवला, तर १६ मिमी व्यासाच्या कटरला सुमारे ५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) येतात आणि २८ मिमीला २८५. दात गोलाकार पूर्ण रुतेपर्यंत हलका दाब द्या, मग एकसारखा. थांबत थांबत दाबलं तर दात नुसते घासतात आणि बोथट होतात. चिप निळी पडू लागली तर वेग कमी करा, कूलंट वाढवा. शेवटी मधली चकती खाली पडते, ती चांगलीच तापलेली असते. चिपा हुकने काढा, आणि फिरत्या कटरजवळ हातमोजे अजिबात नकोत.

भोक फार घट्ट मापात हवं असेल तर थोडं लहान पाडून रिमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारा. रिमरने व्यास आणि आतली सफाई सुधारते, पण तो आधीच्या भोकामागूनच जातो; जागा चुकली असेल तर ती तशीच राहते.

मग बर (कडेला उरलेली धारदार किनार) काढून कडेला छोटा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, द्या, म्हणजे काम धरणारी पिन सहज उतरते. हे खालच्या बाजूनेही करा, जरी त्यासाठी टेबलाखाली आडवं पडावं लागलं तरी. बॉल-लॉक बोल्ट भोकात घालून आवळला की त्याच्या खालच्या टोकाचे गोळे बाहेर येऊन त्याच कडेवर टेकतात आणि तिथे बर राहिली तर बोल्ट घट्ट बसत नाही.