घर बदलताना मित्रांसोबत गाडीनं लांबचा प्रवास: या चुका टाळा

रस्त्याच्या कडेला, भर पावसात, चौदा खोकी ओळीनं मांडून ठेवलेली मी पाहिली आहेत. खोकी माझीच होती. मागचं चाक पंक्चर झालं होतं आणि स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणजे त्या चौदा खोक्यांखाली. जॅक आणि पाना तिच्याही खाली. एका मित्रानं छत्री धरली होती, पण आमच्या डोक्यावर नाही, टेबललॅम्पवर. "अरे, लॅम्प वाळेल, पुस्तकांचं बघ!" असं कुणीतरी ओरडेपर्यंत दोन खोक्यांची बुडं सुटली होती.

तेव्हापासून घर हलवायला निघालेलं कुणी "मित्रांना घेऊन गाडीनंच जातो, तेवढीच ट्रिप होईल" म्हणालं, की मी आधी एकच विचारतो: ट्रिप की सामान? दोन्ही जमतं, नाही असं नाही. पण वेळ, वजन आणि पैसा यांची ओढाताण सुरू झाली की कुणाचं ऐकायचं, हे निघण्याआधी ठरलेलं लागतं. ते न ठरवल्यानंच पुढचे बहुतेक घोळ होतात.

मावलं म्हणजे पेललं, असं समजणं

डिकीत किती खोकी बसतात यावरून गाडी किती वजन पेलेल हे ठरत नाही. बऱ्याच मध्यम आकाराच्या गाड्यांची क्षमता माणसं धरून ४०० ते ४५० किलोच्या आसपास असते. चार जण सरासरी ७० किलोचे धरले तर २८० किलो तिथंच संपले. पुस्तकांनी भरलेलं मध्यम खोकं सहज १५ ते २० किलो भरतं. अशी आठ खोकी चढवली की हिशेब पुरा, आणि भांडी अजून खालीच. नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, बऱ्याचदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरही. टायरच्या हवेचे आकडेही तिथंच बघा. अनेक गाड्यांना ते दोन दिलेले असतात, एक रोजच्या वापरासाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. आपण वर्षानुवर्षं पहिलाच भरत आलेलो असतो. या वेळी दुसरा लागतो. हवा टायर थंड असताना, निघण्यापूर्वी तपासायची. चालून तापलेल्या टायरात दाब जास्तच दिसतो.

मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उचललं जातं. रात्री समोरचे आपल्याला डिपर देत राहतात आणि आपण "यांना काय झालंय?" म्हणत बसतो. आमचे दोन तास असेच गेले. स्टिअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेली छोटी चकती बऱ्याच गाड्यांत असते. ती फिरवली की दिव्यांचा झोत खाली येतो. इतकी वर्षं ती चकती कशाची, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

जड खोकी खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. सीटच्या उंचीच्या वर सुटं काही ठेवू नका. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी धडकून थांबली, तर मागची न बांधलेली वस्तू साधारण १० मीटर उंचीवरून पडावी तशी पुढे येते. तिसऱ्या मजल्यावरून पडलेली इस्त्री कुणाच्या डोक्यात बसलेली चालेल, याचा विचार करून ती ठेवा.

टपावरची गादी

गादी टपावर टाकून दोरीनं आवळायची कल्पना प्रत्येक टोळीत एकाला तरी सुचते. गादी हलकी असते हे खरं, पण त्रास वजनाचा नाही, वाऱ्याचा आहे. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला जवळजवळ ४७ किलो वजनाइतका भरतो. डबलबेडची गादी तीन चौरस मीटरच्या आसपास असते. तिची पुढची कड जरा उचलली आणि वारा खाली शिरला, की ती गादी राहत नाही, शीड होते. खिडकीतून हात बाहेर काढून ती धरून बसणारा मित्र या गणितात कुठंच येत नाही, त्याला आत बसवा. वेग निम्मा केला तर हा दाब चौथाईवर येतो, पण त्या वेगानं लांबचा पल्ला कोण गाठणार? टपावर काही न्यायचंच असेल तर कॅरिअर, रुंद पट्टे आणि पुस्तिकेत दिलेली टपाची मर्यादा, तिन्ही हवेत. दर थांब्यावर पट्टे हातानं ओढून बघा. पहिल्या तासाभरात ते हमखास ढिले होतात, कारण सामान हादऱ्यांनी बसतं. नाहीतर गादी सामानाच्या गाडीतून पाठवा.

चौघांना गाडी येते, म्हणजे काळजी नाही

निघण्याच्या आदल्या रात्री चौघंही पहाटेपर्यंत बांधाबांध करत असतात, मग चार ड्रायव्हर असून उपयोग काय? १९९७ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची हात आणि डोळ्यांचा मेळ साधण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. अनेक देशांत गाडी चालवायला कायद्यानं मनाई सुरू होते, ती याच आकड्यापासून. डुलकी चार सेकंदांचीच लागते, पण ताशी १०० च्या वेगाला तेवढ्यात गाडी ११० मीटर पुढे गेलेली असते.

आमचा नियम आता साधा आहे. दर दोन तासांनी थांबा, पंधरा मिनिटं उतरा, ड्रायव्हर बदला. ज्यानं सामान उचललं, त्यानं पहिली पाळी घ्यायची नाही. रात्री दोन ते पहाटे सहा गाडी चालवायची नाही, मग मुक्कामाचा खर्च वाढला तरी चालेल. दुपारी जेवणानंतरही अशीच झापड येते, तेव्हा सावध राहा. फारच डोळे मिटायला लागले तर कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं डुलकी काढा. कॉफीचा असर चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. गाणी मोठ्यानं लावणं आणि काचा खाली करणं हे उपाय थोडी मिनिटं पुरतात, पुढे नाही.

आणि निघण्यापूर्वी विम्याचे कागद बघा. गाडी तुमची असो वा भाड्याची, मित्रानं ती चालवलेली विम्याला आणि भाडेकराराला चालते का, हे अपघातानंतर कळून काही उपयोग नसतो.

मित्र म्हणजे हमाल नव्हेत

यावर कुणी बोलत नाही, म्हणून जरा बोलतो. घर तुमचं आहे. इंधन, टोल आणि मुक्काम हा घरबदलाचा खर्च धरून तुम्हीच द्यावा. वाटेत फिरायला वळलात, तर त्या भागाचं चौघांत वाटून घ्या. हे निघण्याआधी स्पष्ट सांगा. "नंतर बघू" म्हणून ठेवलं की चौथ्या थांब्यावर कुणीतरी मोबाइलवर आकडे मांडत बसतं आणि गाडीतलं वातावरण गढुळतं. फ्रिज उचलायला सांगणार असाल, तर तेही आधीच सांगा. कुणाची कंबर दुखत असते, कुणाला परतीचं तिकीट गाठायचं असतं. पोचल्याच्या दिवशी चौघांनी मिळून घर लावायचं असं तुमच्या मनात असतं, आणि त्यांच्या मनात झोपायचं.

दोन गाड्या असतील तर एकमेकांची पाठ सोडायची नाही, हा हट्ट टाळा. पुढच्याला गाठण्यासाठी मागचा पिवळ्या दिव्यावर घुसतो. पुढचा थांबा ठरवा आणि तिथं भेटा. भाड्याचा उंच टेम्पो असेल तर त्याची उंची मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. पुलाखाली शिरताना उंची आठवत बसायला वेळ नसतो.

रात्रीचा मुक्काम आणि हाताशी ठेवायच्या वस्तू

भरलेली गाडी रात्री उभी करताना डिकीचं दार भिंतीला लागेल इतकी मागे घ्या, म्हणजे कुणी उघडू शकणार नाही. आतलं सामान बाहेरून दिसणार नाही असं झाका. लॅपटॉप, दागिने, मूळ कागदपत्रं आणि औषधं खोलीवर न्या. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वाढू शकतं. मेणबत्त्या, स्प्रेचे डबे आणि सुट्या बॅटऱ्या त्यात ठेवू नका. गॅसचा सिलिंडर तर गाडीत चढवायचाच नाही.

आता स्टेपनी. सामान भरण्याआधी तिच्यातली हवा तपासा. जॅक, पाना आणि धोक्याचा त्रिकोण बाहेर काढून पुढच्या सीटखाली ठेवा. स्टेपनीच्या झाकणावर पुस्तकांऐवजी अंथरूण-पांघरुणांच्या पिशव्या रचा, त्या एका झटक्यात बाहेर निघतात. तसंच, पहिल्या रात्रीची एक पेटी सगळ्यात शेवटी चढवा. नव्या घराच्या किल्ल्या, टॉर्च, टॉवेल, चार्जर, पेचकस, बल्ब, साबण, चादर, एवढं त्यात पुरे. आम्ही किल्ल्या "हरवायला नकोत" म्हणून भांड्यांच्या खोक्यात तळाशी नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. रात्री अकरा वाजता दारात बसून ते खोकं उघडलं.

वीज आणि पाणी सुरू आहे का, हे निघण्याआधी घरमालकाला विचारा. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल तर त्याचे वाहतुकीचे बोल्ट लावूनच हलवा, आणि पोचल्यावर ते काढल्याशिवाय चालू करू नका. फ्रिज शक्यतो उभाच न्या. आडवा न्यावा लागला, तर कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळीत गेलेलं असतं. त्यामुळे नव्या घरी फ्रिज उभा करून निदान काही तास तसाच ठेवा आणि मगच प्लग लावा. त्या रात्री "थंड पाणी कुठंय?" असं मित्र विचारतील, त्यांना माठ दाखवा.