बाळाची टाळू जुळण्याआधी औषधं आणि रसायनं कशी तपासावीत

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर बाळाचा वरचा ओठ आणि टाळू (डोक्यावरची नव्हे, तोंडातलं वरचं छत) साधारण सहाव्या ते चौदाव्या आठवड्यात घडतात. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंनी खाली वाढतात, दहाव्या आठवड्याच्या सुमारास वर उचलले जाऊन आडवे होतात आणि मधोमध जुळतात. पडदे आखूड राहिले, उशिरा उचलले गेले किंवा टेकूनही मधला पेशींचा थर विरला नाही, तर फट राहते. उंदरांमध्ये रेटिनॉइक आम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारं रसायन) लवकर दिलं तर पडदे लहान राहतात. दोन दिवस उशिरा दिलं तर पुरेसे वाढूनही जुळत नाहीत. म्हणजे रसायनाइतकीच वेळही महत्त्वाची.

पहिली तपासणी बहुतेकदा याच काळात होते. म्हणून यादी दिवस राहण्याआधीच करा: रोजच्या गोळ्या, मलमं, पूरक जीवनसत्त्वं, कामावरची रसायनं, तंबाखू, दारू.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. सोरायसिसवरचं अ‍ॅसिट्रेटिन मात्र शरीरात फार काळ राहतं, त्याला तीन वर्षं थांबावं लागतं. हा फरक अनेकींना कुणी सांगतच नाही. पूरक गोळ्यांतलं तयार अ जीवनसत्त्व (रेटिनॉल) दिवसाला 10,000 आययूच्या (गोळीच्या वेष्टनावर IU) वर जाऊ देऊ नका.

फिट्सवरच्या टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट, फेनिटॉइन यांनी फटीचा धोका वाढतो. टोपिरामेट अर्धशिशीसाठीही देतात, तेव्हा तेही यादीत लिहा. पण फिट्सची गोळी स्वतःहून कधीच थांबवू नका; अचानक आलेली मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. काही महिने आधी न्यूरोलॉजिस्टकडून औषध किंवा मात्रा बदलून घ्या.

सिगारेट सोडा, घरातल्यांनाही आत ओढू देऊ नका. मिश्री हा तंबाखूच आहे, दात घासण्यापुरतीसुद्धा नको. छपाई, रंगकाम, ड्रायक्लीनिंगच्या कामात सॉल्व्हंटची (रंग, डाग विरघळवणाऱ्या द्रवांची) वाफ येते. साधा कापडी मास्क ती अडवत नाही, त्यामुळे त्या काळात काम बदलून मागा.

फॉलिक अ‍ॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, किमान एक महिना आधीपासून. फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टर जास्त मात्रा ठरवतात.

अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठाची फट बहुधा दिसते, नुसत्या टाळूची अनेकदा निसटते. जन्मानंतर बाळाची टाळू पडजिभेपर्यंत बॅटरीच्या उजेडात बघून घ्यायला सांगा.