टी कोरोनी बोरिॲलिसचा स्फोट पकडायचा असेल तर काय करायचं

आधी हे सांगतो की टेलिस्कोप नसला तरी चालतं, म्हणून लगेच काही विकत घ्यायला धावू नका.

टी कोरोनी बोरिॲलिस, थोडक्यात टी सीआरबी किंवा नुसतं टी, ही दोन ताऱ्यांची जोडी आहे, एक म्हातारपणी फुगलेला लाल राक्षसी तारा आणि दुसरा छोटासा पण भयंकर घट्ट श्वेतबटू, आपल्यापासून साधारण ३००० प्रकाशवर्षं लांब. दोघं एकमेकांभोवती सुमारे २२७ दिवसांत एक फेरी मारतात आणि इतके जवळ आहेत की राक्षसी ताऱ्याचा गॅस सतत श्वेतबटूवर ओढला जातो, तिथे साठत जातो, दाबला जातो, तापतो आणि साधारण ८० वर्षांनी तो थर एकदम पेटतो. तारे दोन्ही शाबूत राहतात, उडतो तो फक्त वरचा थर, त्यामुळे याला सुपरनोव्हा म्हणू नका, हा नोव्हा आहे आणि तोही परत परत होणारा. मागचे दोन स्फोट १८६६ च्या मे मधले आणि १९४६ च्या फेब्रुवारीतले. एरवी हा १०व्या प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही, पण स्फोटात २ऱ्या प्रतीच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ ध्रुवताऱ्याएवढा!

आता जागा. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्या, नारिंगी स्वाती सापडतो. मग निळसर पांढरा अभिजित शोधा. स्वातीपासून अभिजितकडे निघालात की साधारण एक तृतीयांश वाटेवर अर्ध्या बांगडीसारखी ताऱ्यांची कमान दिसेल, तोच उत्तर मुकुट, म्हणजे कोरोना बोरिॲलिस, टी याच तारकासमूहात आहे. मे ते जुलै संध्याकाळनंतर बघायला बेस्ट, नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य त्याच बाजूला असतो तेव्हा अवघड जातं, आणि जानेवारीपासून पहाटे उठायची तयारी हवी.

कमानीतला सगळ्यात ठळक तारा अल्फेक्का, प्रत २.२. तिथून कमानीवरून पूर्वेकडे सरका, गॅमा, डेल्टा आणि मग एप्सिलॉन, हा ४.१ चा. एप्सिलॉनच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, साधारण एक अंशावर टी ची जागा, कमानीच्या बाहेर. बायनॉक्युलरमध्ये दोन्ही एकाच वेळी मावतात, पण शांत असताना टी स्वतः दिसायला काळोखं आकाश आणि छोटा टेलिस्कोप लागतो. दिसला तरी एकच ठिपका दिसणार बरं का, जोडी वेगळी दिसेल ही आशा सोडा.

खरं काम आहे ते मुकुट पाठ करायचं. चार्ट न बघता कमान कागदावर काढता आली पाहिजे, कुठला तारा कुणापेक्षा मंद हे सुद्धा, कारण स्फोटाच्या रात्री तुम्हाला एवढंच कळायला हवं की इथे एक तारा जास्त आहे. रोज आकाश मोकळं असलं की अर्धा मिनिट बघा, बास. तारखांच्या भाकितांवर जाऊ नका, २०२४ मध्ये नक्की फुटणार म्हणून केवढा गाजावाजा झाला आणि ते वर्ष तसंच गेलं. चमक काही तासांत वाढते आणि आठवड्याभरात परत नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर जाते, त्यामुळे वीकेंडला बघू म्हणणाऱ्याचा चान्स जाऊ शकतो.

काही जास्तीचं दिसलं तर घाई नको. दहा मिनिटं थांबा, सॅटेलाइट किंवा विमान असेल तर सरकेल. ग्रह असण्याची शक्यता नाही, ग्रहांचा रस्ता तिथून बराच लांब आहे. जागचा हलला नाही तर अल्फेक्काशी आणि एप्सिलॉनशी तुलना करा, दोघांच्या मध्ये कुठे बसतो त्यावरून प्रतीचा अंदाज लावा, वेळ जागतिक वेळेत (यूटी, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा) लिहा आणि एएव्हीएसओ या चलताऱ्यांच्या संस्थेला कळवा, हौशी लोकांच्या नोंदी ते घेतात.

विझला की वही बंद करू नका मात्र. मागच्या दोन्ही वेळा काही महिन्यांनी हा परत थोडा उजळला होता, ८व्या प्रतीच्या आसपास, आणि तेव्हा बायनॉक्युलर खरंच कामाला येतो.